कारखान्यात अपघात झाला तर: छोट्या युनिटच्या मालकासाठी पायरीपायरीने

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा ठिकाणी दहा-वीस ते पन्नास माणसं घेऊन युनिट चालवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतो, एचआर असतं, वकील ठरलेला असतो. आपल्याकडे हे सगळं एकच माणूस बघतो आणि तोच महिन्याचं जीएसटी रिटर्नही भरतो. मी एका प्रेस शॉपची, म्हणजे मशीनने पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या युनिटची, ऑफिसची बाजू सांभाळते. बोटं जाणं हे या धंद्याचं जुनं दुखणं, त्यामुळे पुढे सांगितलेल्या बहुतेक खिडक्यांसमोर उभी राहून झालं आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. अपघात कळवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. भरपाईचा कायदा चूक कोणाची हे सहसा विचारतच नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली का, एवढंच विचारतो. न कळवणं मात्र थेट मालकाच्या खात्यावर जमा होतं.

कायद्यांची नावं नुकतीच बदलली आहेत, तेही माहीत असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. ऑफिसांत, वकिलांच्या तोंडी आणि जुन्या नमुन्यांवर अजून जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच वापरते. आकडे आणि नमुने मात्र वापरायच्या दिवशी ताज्या अधिसूचनेवरून तपासून घ्या.

१. कोणता माणूस कोणत्या खात्यात, हे आज ठरवा

अपघाताच्या दिवशी हे शोधत बसलात तर सगळं उलटंपालटं होतं. मस्टर (हजेरीपट) समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा.

पहिली खूण ईएसआयसीवाल्यांची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात येणाऱ्यांची. दहा किंवा जास्त माणसं आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार (दिव्यांगांसाठी २५,०००), म्हणजे ईएसआयसी. वर्गणी पगारावर: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. या माणसाला कामावर इजा झाली तर पैसे महामंडळ देतं आणि त्याच इजेसाठी नुकसानभरपाई कायद्याखाली तुमच्यावर वेगळा दावा होत नाही. चलन भरताना जीव खालीवर होतो खरा, पण छोट्या मालकासाठी यापेक्षा स्वस्त ढाल मी पाहिलेली नाही.

दुसरी खूण ईएसआयसीत न बसणाऱ्यांची. तेवीस हजार पगाराचा टूलरूममधला माणूस घ्या, किंवा ज्या युनिटमध्ये मुळात सात-आठच माणसं आहेत तिथला कोणीही. यांची भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते, म्हणून यांच्यासाठी विमा लागतो. बाजारात त्याला सगळे 'डब्ल्यूसी पॉलिसी' (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाईचा विमा) म्हणतात.

तिसरी खूण ठेकेदाराच्या माणसांची. 'तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे' हे वाक्य इथे चालत नाही. तुमच्या आवारात तुमचं काम करताना लागलं तर कामगार मूळ मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, भरपाई मागू शकतो. तुम्ही ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करा, तो तुमचा आपसातला हिशेब. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं ईएसआयसी चलन आणि त्यातली नावं बघा. नुसतं चलन नको, नावं हवीत. चलन पंधरा माणसांचं आणि गेटवर बावीस, हे सर्रास चालतं.

संहितेत विजेवर चालणारं युनिट वीस कामगारांवर 'कारखाना' ठरतं. त्याखाली असलात तर काही कटकटी कमी होतात, भरपाईची जबाबदारी मात्र जात नाही.

२. पेटी आणि पेटीचा माणूस

जुन्या कायद्याप्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागते आणि ५०० च्या वर गेलात तर अॅम्ब्युलन्स रूम. आपल्याला एक पेटी पुरते, पण जागा दोन मजल्यांवर किंवा दोन शेडमध्ये असेल तर दोन ठेवा.

पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. का लिहिलं असेल ते आपल्याकडची कोणतीही पेटी उघडून बघा: अॅलन की, देवाची उदबत्ती, संपलेली क्रोसिन आणि तळाशी कडक झालेली चिकटपट्टी. प्रेस, लेथ, ग्राइंडिंग असलेल्या जागी निर्जंतुक ड्रेसिंग लहान-मोठी, बँडेजचे रोल, कापूस, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, भाजल्यावरची ड्रेसिंग, डोळा धुवायला सलाइन आणि त्रिकोणी पट्टी एवढं तरी भरलेलं हवं. झाकणाच्या आत यादी आणि प्रत्येक वस्तूची मुदत लिहून चिकटवा.

पेटीला कुलूप नको. अगदी घालायचंच असेल तर किल्ली तिथेच लटकलेली असू द्या. किल्ली दिवसपाळीच्या सुपरवायझरच्या खिशात आणि अपघात रात्री दोनला, हे होतंच.

प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत एक हवा. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉसचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात, प्रमाणपत्र मिळतं. माणूस निवडताना ऑफिसमधला निवडू नका, शॉप फ्लोअरवरचा निवडा. आणि ज्याला रक्त बघून चक्कर येते त्याला आधीच विचारा, तो स्वतःहून सांगत नाही.

३. पहिला तास

आधी मशीन बंद, शॉक असेल तर मेन स्विच बंद, मगच माणसाला हात. १०८ ला फोन एकाच माणसाने करायचा आणि दुसऱ्याने गेटवर उभं राहायचं, कारण एमआयडीसीतले प्लॉट नंबर बाहेरच्या ड्रायव्हरला सापडत नाहीत.

बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ ड्रेसिंग घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. तुटलेला तुकडा शोधा, डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) अडकला असेल तर सावकाश काढा. सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, बर्फाने पेशी मरतात आणि मग सर्जनच्या हातात काही राहत नाही. चहाच्या टपरीवरून बर्फ आणायला पळणारा माणूस नेहमी असतो. गॉज आणि पिशवी कुठे आहे हे सांगणारा सापडत नाही.

भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, ग्रीस तर नाहीच. डोळ्यात केमिकल किंवा कूलंट गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि मग निघा.

दवाखाना निवडताना जीवघेणं असेल तर जवळचं मोठं रुग्णालय. ईएसआयसीचं कार्ड आहे म्हणून पंचवीस किलोमीटर गाडी पळवू नका. त्याच दिवशी ईएसआयसीच्या दवाखान्याला कळवा आणि बिलं, केसपेपर जपून ठेवा.

इथे सगळ्यात वाईट सापळा आहे. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? आणि सोबत गेलेला सुपरवायझर हळूच कानात सांगतो, 'घरी पडलो म्हण.' तो बिचारा म्हणतो. केसपेपरवर तसंच उतरतं. आठवड्याभरात बोट काढावं लागतं आणि मग महामंडळ, विमा कंपनी, न्यायालय, तिन्ही ठिकाणी तो पहिला कागद समोर येतो. कामगाराचा हक्क अडकतो. मालकाचा विमाही अडकतो, कारण घरी पडलेल्या माणसाचा दावा विमा कंपनी का देईल? रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करेल, पोलीस जबाब घ्यायला येतील. येऊ द्या. जे झालं ते सांगा.

४. नोंद त्याच पाळीत

ईएसआयसीच्या नियमांत अपघात वही ठेवायची आहे (नमुना ११). बाकीच्यांसाठीही तीच पद्धत ठेवली तर काम सोपं होतं. नोंद कशी नको, ते आधी: 'काम करताना हाताला लागले.' यातून काहीच कळत नाही.

अशी हवी: 'सकाळी ११.२०, प्रेस नंबर ३, ब्रॅकेटचं पिअर्सिंग. पीस डायमध्ये अडकला, तो उजव्या हाताने काढताना पाय पॅडलवर होता, स्ट्रोक आला. उजव्या हाताची तर्जनी, वरची दोन पेरं. पुढचा गार्ड लावलेला नव्हता. बघणारे: शेजारच्या प्रेसवरचा ऑपरेटर, हेल्पर.' गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावायचा अडसर, नव्हता हे लिहायला हात थरथरतो, मान्य. पण इन्स्पेक्टर येऊन बघणारच आहे, आणि तेव्हा घाईघाईने लावलेल्या गार्डच्या नटावरचा नवा चकाकता आटा त्याला तुमच्याआधी दिसतो.

मशीन आहे त्या स्थितीत ठेवा, मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. बघणाऱ्यांचे जबाब त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या भाषेत घ्या. ओडिया किंवा हिंदी बोलणाऱ्या हेल्परचा जबाब शुद्ध मराठीत आणि खाली अंगठा, असला कागद कोणी खरा मानत नाही.

५. कोणाला, किती वेळात

ईएसआयसी: अपघाताची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत अपघात अहवाल (नमुना १२). मृत्यू असेल तर लगेच. मालकाच्या लॉगिनमधून ऑनलाइन भरता येतो. भरून झाल्यावर छापील प्रत काढून ठेवा, शाखा कार्यालयात तीच मागतात.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे आपण ज्याला 'डिश' म्हणतो: मृत्यू, किंवा कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नाही अशी इजा. मृत्यूच्या वेळी आधी फोन आणि ईमेल, मग विहित नमुना. क्रेन कोसळणं, स्फोट, आग असल्या धोकादायक घटना कोणालाही खरचटलं नसलं तरी कळवायच्या असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नुकसानभरपाई आयुक्त (संहितेत 'सक्षम प्राधिकारी'): मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांत अहवाल. ईएसआयसीत असलेल्यांसाठी हे लागत नाही. हे काम कुठे कामगार न्यायालयात चालतं, कुठे दिवाणी न्यायालयात. आपल्या जिल्ह्यात कुठे ते आत्ताच विचारून ठेवा.

विमा कंपनी: पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत, शक्य तर त्याच दिवशी ईमेलने. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही.

पोलीस: मृत्यू असेल तर पंचनामा होणार आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, लागू शकतं. तेव्हा वकील घ्या. त्याआधी वकील शोधत बसून कळवायला उशीर करू नका.

६. ईएसआयसीतल्या माणसाला काय मिळतं

औषधोपचार महामंडळाकडून. कामावर येता येत नाही तोवर रोजंदारीच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे, यासाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. अपघाताचा दिवस सोडून तीन दिवसांच्या आत बरा झाला तर हे पैसे मिळत नाहीत. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. मृत्यू झाल्यास अवलंबितांना ९० टक्क्यांच्या हिशेबाने मासिक लाभ आणि अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत.

सापळा एकच, पण मोठा. नवीन हेल्पर सोमवारी आला, 'बघू टिकतो का' म्हणून नोंद केली नाही, गुरुवारी हात गेला, आणि शुक्रवारी घाईने त्याचा आयपी नंबर (ईएसआयसीचा विमाधारक क्रमांक) काढला. नोंदणीची वेळ आणि अपघाताची वेळ दोन्ही महामंडळाला दिसतात. लाभ कामगाराला मिळाला तरी त्याची वसुली तुमच्याकडून होऊ शकते. गेट पास देण्याआधी आधार आणि बँक पासबुक घ्या, नंबर त्याच दिवशी काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

७. ईएसआयसी नसेल तर हिशेब

सूत्र सोपं आहे. मृत्यू: मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व: ६० टक्के गुणिले गुणक. वेतन कितीही असलं तरी जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं. गुणक अपघाताच्या वेळच्या वयावर ठरतो: २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

तीस वर्षांचा, तेवीस हजार पगाराचा माणूस दगावला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. तोच कायमचा पूर्ण अपंग झाला तर १८,७१,८२०. बोटांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात दिलेले आहेत: अंगठा ३०, तर्जनी पूर्ण १४, तर्जनीची दोन पेरं ११. म्हणजे पूर्ण तर्जनी गेली तर १८,७१,८२० चे १४ टक्के, २,६२,०५५ च्या आसपास. परिशिष्टात नसलेल्या इजेत डॉक्टरांनी ठरवलेली कमाईची क्षमता किती गेली, त्यावर हिशेब होतो.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त चाललं तर पहिल्या दिवसापासून धरतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या मृत्यूच्या उदाहरणात नुसतं व्याजच वर्षाला १,८७,१८२ होतं. दंड विमा कंपनी भरत नाही. व्याज भरते की नाही, हे पॉलिसीत वाचा.

पॉलिसी घेताना हप्ता वाचवायला माणसं कमी आणि पगार कमी दाखवू नका. दाव्याच्या वेळी कंपनी पहिल्यांदा मस्टर आणि पगारपत्रक मागते. ओळखीच्या एका युनिटने पॉलिसीत 'हेल्पर' म्हणून दाखवलेला माणूस प्रत्यक्षात प्रेस चालवत होता. दावा महिनोन्महिने लोंबकळला, आणि तोवर व्याज मालकाच्या अंगावर चढत गेलं.

'त्याचीच चूक होती' म्हणून सुटका होत नाही. दारू पिऊन होता, स्पष्ट सूचना मुद्दाम मोडली, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं, हेच बचाव आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तेही चालत नाहीत. शिवाय सूचना दिली होती हे तुम्हीच सिद्ध करायचं असतं, म्हणून सेफ्टी टॉकची वही आणि तारखेसह सह्या ठेवा.

येता-जातानाचा अपघातही आता बाहेर राहिलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या ड्यूटीला येताना वाटेत अपघातात गेला. उच्च न्यायालयात कुटुंब हरलं होतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, ठिकाण आणि कामाशी संबंध जुळत असेल तर, नोकरीतलाच मानला. संहितेतही तशी तरतूद आहे. दुसरी पाळी रात्री सोडत असाल तर बसचा विचार करताना हे लक्षात असू द्या.

८. 'मिटवून टाकू'चे तोटे

मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हातात दिली तर कायद्याच्या नजरेत ती दिलीच नाही असं होतं. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. जखमी महिला कामगाराची एकरकमी भरपाईसुद्धा. मृत्यूनंतर अवलंबितांना तीन महिन्यांच्या पगारापर्यंत आगाऊ रक्कम देता येते, ती वळती होते. त्यापलीकडे गावाहून आलेल्या चुलत्याच्या हातात दोन लाख ठेवून स्टॅम्प पेपरवर 'यापुढे काही मागणी नाही' लिहून घेतलंत, तर ते दोन लाख गेले आणि दावा तसाच उभा राहिला. हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द असतो. दावा करायला सर्वसाधारणपणे दोन वर्षं असतात, आणि तेवढ्यात पत्नीला कोणीतरी वकील नक्की गाठून देतो.

कामगाराशी रकमेवर खरंच एकमत झालं असेल तर ते लिहून आयुक्तांकडे नोंदवा. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदवल्यानंतर मात्र तो कागद टिकतो.

९. फाइलमध्ये काय हवं

नेमणूकपत्र आणि वयाचा पुरावा (गुणक वयावर आहे, हे विसरू नका). भरपाईच्या हक्काची माहिती कामावर घेतानाच, त्याला समजेल त्या भाषेत दिल्याची पोच. अपघाताच्या महिन्याचं मस्टर आणि आधीच्या बारा महिन्यांचं पगारपत्रक. ईएसआयसी नंबर आणि चलनं, किंवा विमा पॉलिसी. अपघात वहीची प्रत, फोटो, जबाब. पहिला केसपेपर, एमएलसी नंबर, डिस्चार्ज कार्ड, बिलं. पाठवलेल्या प्रत्येक अहवालाची पोच. मृत्यूत शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, मृत्यूचा दाखला, अवलंबितांची आधार कार्डं आणि बँक खाती.

ठेकेदाराच्या माणसाचे हेच कागद ठेकेदाराकडून त्याच दिवशी घ्या. आठवड्याने ठेकेदाराचा फोन लागत नाही.

१०. परत कामावर

फिटनेस प्रमाणपत्राशिवाय आत घेऊ नका, कामगार स्वतः हातापाया पडला तरी. ईएसआयसीचे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असताना त्याला काढता येत नाही, आणि त्याच काळात त्याला गुपचूप हलक्या कामावर बोलावून रोख मजुरीही द्यायची नाही. पैसे दोन्हीकडून गेले की त्याचा लाभ अडचणीत येतो.

आल्यावर त्याला लगेच त्याच प्रेसवर उभं करू नका. पॅकिंग, इन्स्पेक्शन, स्टोअर, काहीही द्या. आणि ती प्रेस चालू करण्याआधी पुढचा गार्ड आणि दोन्ही हातांनी दाबायचं स्विच बसवा, फूट पॅडल काढून टाका. खर्चाचं बिल अपघाताच्या फाइलमध्येच लावा. पुढच्या वेळी इन्स्पेक्टरने 'मग तुम्ही काय केलं?' विचारलं की तेच बिल काढून त्याच्यापुढे ठेवता येतं.